सरोवराकाठची सुट्टी

नववीच्या वर्गातल्या एका मुलाने मागच्या महिन्यात आम्हाला एक प्रश्न विचारला. मोबाइलवर त्याने अमेरिकेतल्या कॉलेजांचा फुटबॉल सामना पाहिला होता. "सर, हे लोक चेंडू हातात घेऊन पळतात, हाताने फेकतात, मग याला फुटबॉल का म्हणतात?" विषय आमचा नव्हे. आम्ही उर्दू आणि मराठी शिकवणारे. पण मुलाने विचारले आणि उस्तादाने टाळले, हे बरे दिसत नाही. घरी येऊन वाचायला बसलो, तेव्हा नावाचा उलगडा पाच मिनिटांत झाला. हा खेळ रग्बीच्या पोटी जन्मला आणि रग्बी फुटबॉलच्या, म्हणून आजोबांचे नाव नातवाला चिकटले. मात्र वाचता वाचता १९१३ सालच्या दोन विद्यार्थ्यांची हकीकत हाती लागली आणि आम्ही तिथेच अडकलो. तीच आज सांगणार आहोत.

आधी खेळ थोडक्यात समजून घेऊ. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू. चेंडू नारळासारखा लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. ज्या संघाकडे चेंडू आहे त्याला चार प्रयत्नांत किमान दहा यार्ड पुढे सरकायचे असते. यार्ड म्हणजे आपण कापड मोजतो तो वार. दहा वार सरकले की पुन्हा चार प्रयत्न मिळतात. नाही सरकले तर चेंडू दुसऱ्यांच्या ताब्यात. असे सरकत सरकत प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू नेला की टचडाउन होतो, त्याचे सहा गुण. त्यानंतर लाथेने चेंडू खांबांमधून मारला तर आणखी एक. कबड्डीत चढाई करणारा रेषा ओलांडायला धडपडतो आणि समोरचे त्याला धरून पाडतात, ते दृश्य डोळ्यांपुढे आणा, म्हणजे निम्मा खेळ कळला.

उरलेला निम्मा खेळ म्हणजे 'फॉरवर्ड पास', चेंडू पुढच्या दिशेने हवेतून आपल्या गड्याकडे फेकणे. आज हाच खेळाचा प्राण आहे. कोणत्याही मोठ्या सामन्याच्या आधी तिकडची वर्तमानपत्रे अमुक कॉलेजाचा 'पासिंग गेम' कसा आहे, फेकणारा कोण, झेलणारे कोण, याचीच चर्चा करतात. पण १९०६ पूर्वी पुढे चेंडू फेकणे नियमात बसतच नव्हते. चेंडू छातीशी धरायचा, आपले सारे धिप्पाड गडी भोवती गोळा करायचे आणि समोरच्या भिंतीवर धडकायचे, असा तो खेळ होता. डोक्यावर धड शिरस्त्राण नाही. मुले मरत होती. १९०५ च्या एका हंगामात वृत्तपत्रांच्या मोजणीनुसार दीड डझन मुलांचे जीव गेले. कोणाची मान मोडली, कोणाच्या डोक्याला मार लागला. कॉलेजात शिकायला पाठवलेला मुलगा खेळाच्या मैदानातून पेटीत परत येतो, याची कल्पना आई-बापांनी करून पाहावी.

तेव्हाचे अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट या खेळाचे चाहते होते आणि त्यांचा स्वतःचा मुलगा हार्वर्डमध्ये हाच खेळ खेळत होता. ऑक्टोबर १९०५ मध्ये त्यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन या तीन विद्यापीठांच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून खेळ सुधारा म्हणून सांगितले. त्या वर्षाच्या मृत्यूंनंतर काही विद्यापीठांनी खेळ बंदच केला. अखेर १९०६ मध्ये नियम बदलले आणि पुढे फेकण्याला परवानगी मिळाली. उद्देश साधा होता. चेंडू हवेत गेला की बचाव करणाऱ्यांना मैदानभर पसरावे लागेल, गर्दी फुटेल आणि चेंगराचेंगरी कमी होईल.

परवानगी मिळाली, पण हात राखून. सुरुवातीच्या वर्षांत फेकलेला चेंडू कोणाचाही स्पर्श न होता जमिनीवर पडला तर तो सरळ दुसऱ्या संघाला जाई. पुढे काही काळ वीस यार्डांपलीकडे फेकायला मनाई होती. इतकी जोखीम कोण घेणार? बहुतेक मोठ्या कॉलेजांच्या प्रशिक्षकांनी ठरवून टाकले की हा पोरखेळ आहे, खरा मर्द अंगावर धडक घेतो. मुले मरतच राहिली. १९०९ मध्ये वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीचा एक कॅडेट हार्वर्डविरुद्धच्या सामन्यात जखमी होऊन दगावला आणि अकादमीने तो हंगाम तिथेच थांबवला. ही अकादमी म्हणजेच 'आर्मी'चा संघ. तिचे नाव लक्षात ठेवा, पुढे गाठ तिच्याशीच आहे.

१९१२ मध्ये नियम आणखी सैल झाले. वीस यार्डांची मर्यादा गेली. तीनऐवजी चार प्रयत्न मिळू लागले. शेवटच्या रेषेपलीकडे दहा यार्डांची पट्टी आखली गेली, जिथे फेकलेला चेंडू झेलता येतो. चेंडूही थोडा बारीक केला, म्हणजे तो हातात नीट बसू लागला. दार आता सताड उघडे होते. आत जाणारे मात्र थोडे.

आता नोटर डेमकडे वळू. इंडियाना राज्यातल्या साउथ बेंड गावाजवळ १८४२ मध्ये फ्रान्सहून आलेल्या कॅथलिक पाद्र्यांनी हे विद्यालय काढले. अमेरिकेत तेव्हा बोलबाला प्रोटेस्टंटांचा होता. कॅथलिक म्हणजे बहुतेक आयर्लंड, जर्मनी, पोलंड, इटलीहून आलेली गरीब कष्टकरी माणसे, आणि त्यांच्या निष्ठेविषयी शंका घेणारे जागोजागी. त्यांच्या मुलांनी शिकावे म्हणून उभी राहिलेली ही संस्था १९१३ मध्ये लहान होती आणि देशाच्या पूर्वेकडे तिला फारसे कोणी ओळखत नव्हते. आसपासच्या मोठ्या विद्यापीठांच्या संघटनेने तिला सामील करून घेतले नाही. मिशिगन विद्यापीठाने १९१० मध्ये ठरलेला सामना ऐनवेळी रद्द केला. तुमचे काही खेळाडू नियमात बसत नाहीत, असे कारण त्यांनी दिले. त्या काळात खेळाडूंच्या पात्रतेचा गोंधळ सगळीकडेच होता, तेव्हा कारण अगदीच खोटे म्हणता येणार नाही. पण धर्माचा आकसही त्यात मिसळलेला होता, असे अनेक अभ्यासक मानतात. कारण काहीही असो, परिणाम एकच झाला. शेजारी खेळेनात.

१९१३ मध्ये जेसी हार्पर नावाचे तरुण प्रशिक्षक नोटर डेमला आले. शेजारी खेळत नसतील तर दूरच्यांना विचारू, असे म्हणून त्यांनी देशभर पत्रे धाडली. टेक्सासकडून होकार आला, पेनसिल्व्हेनियातून आला. न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीच्या काठी असलेल्या वेस्ट पॉइंटकडूनही आला. आर्मीचा येलबरोबरचा नेहमीचा सामना बंद पडला होता आणि त्यांना एक शनिवार भरून काढायचा होता. त्यांनी प्रवासखर्चापोटी ६०० डॉलर देऊ केले. हार्पर यांनी हिशेब मांडून कळवले की १००० डॉलरपेक्षा कमीत आमचे भागत नाही. आर्मीने ते मान्य केले. सामन्याची तारीख ठरली १ नोव्हेंबर १९१३.

आर्मीच्या दृष्टीने हा मधला किरकोळ सामना होता. नोटर डेमसाठी ती वर्षातली मोठी परीक्षा होती, आणि तीही परक्या अंगणात.

त्या वर्षी नोटर डेमच्या वसतिगृहात एकाच खोलीत राहणारे दोघे शेवटच्या वर्षाला होते. एक गस डोरे. विस्कॉन्सिन राज्यातल्या चिपेवा फॉल्स गावचा, चणीने लहान, उंची जेमतेम साडेपाच फूट, वजन पासष्ट-सहासष्ट किलो. धडकाधडकीच्या खेळात अशा मुलाला कोण विचारतो? पण तो संघाचा क्वार्टरबॅक होता, म्हणजे प्रत्येक डाव मागून सुरू करणारा आणि चेंडू फेकणारा. दुसरा नूट रॉकनी, संघाचा कप्तान. जन्म नॉर्वेतल्या व्हॉस गावचा. पाच वर्षांचा असताना घरच्यांबरोबर शिकागोला आला. पुढे शिक्षणासाठी पैसे नव्हते म्हणून काही वर्षे त्याने शिकागोच्या टपाल खात्यात नोकरी केली, पै-पै साठवली आणि बावीस वर्षांचा झाल्यावर कॉलेजात पाऊल ठेवले. तो कॅथलिकही नव्हता. लुथरन घरातला मुलगा कॅथलिक पाद्र्यांच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकत होता. टक्कल पडू लागलेला हा पंचवीस वर्षांचा गडी आपल्यापेक्षा लहान मुलांच्या वर्गात बसे. वय झाले म्हणून शिक्षण सोडलेले अनेक जण आम्ही पाहतो, म्हणून हा तपशील आम्हाला विशेष वाटला.

१९१३ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत दोघांनी ओहायो राज्यात ईरी सरोवराच्या काठी सीडर पॉइंट या सहलीच्या ठिकाणी काम धरले. सरोवर म्हटले तरी ते समुद्रासारखे अफाट आहे, पलीकडचा काठ दिसत नाही, आणि काठाला वाळू आहे. तिथली हॉटेले, आंघोळीचा किनारा, उन्हाळ्यात येणारी गर्दी, या साऱ्यासाठी माणसे लागत. कॉलेजचे विद्यार्थी तिथे सुट्टीत राबून वर्षाची फी जमवत. ही दोघेही त्यातलीच. मात्र जाताना त्यांनी हार्पर यांच्याकडून एक चेंडू मागून नेला होता. काम संपले की वाळूवर चेंडू फेकायचा आणि झेलायचा. पाहणाऱ्यांना आपण वेडे वाटत असू, असे रॉकनीने पुढे लिहून ठेवले आहे.

त्या सरावात नेमके काय होते, ते नीट पाहिले पाहिजे, कारण सारी गोष्ट तिथेच आहे. तोपर्यंत पास म्हणजे काय असे? झेलणारा गडी ठरलेल्या जागी जाऊन थांबे, वळून उभा राही आणि येणारा चेंडू पोटाशी, छातीशी कवटाळून घेई. बाळाला उराशी धरतात तसा. त्यात दोन तोटे. थांबलेल्या माणसाला पाडायला समोरच्यांना वेळ मिळतो. आणि चेंडू छातीवर आदळून उसळतो. रॉकनीने पळता पळता, फक्त हातांनी झेलायला शिकायचे ठरवले. क्रिकेटमध्ये सीमारेषेवरचा उंच झेल घेताना चांगला क्षेत्ररक्षक हात ताठ ठेवत नाही. चेंडू आला की हात किंचित मागे नेतो, बोटे सैल सोडतो. बेसबॉलवाले हेच करतात, आणि रॉकनीने ते तिथूनच उचलले. आधी दोन हातांनी, मग एका हाताने.

डोरेचे काम अधिक अवघड होते. झेलणारा थांबत नसेल तर फेकायचे कुठे? तो आत्ता आहे तिथे नव्हे. दोन क्षणांनी जिथे असेल तिथे, म्हणजे रिकाम्या जागेवर. रॉकनी सरळ धावेल, मग एकदम डावीकडे वळेल, कधी उजवीकडे, आणि वळण पुरे व्हायच्या आत चेंडू हातातून सुटलेला हवा. लांबट चेंडू सरळ जायचा तर तो स्वतःभोवती गरगर फिरत गेला पाहिजे, नाही तर हवेत कोलांट्या खातो आणि भरकटतो. जवळचा वेगळा फेकायचा, लांबचा वेगळा, वाऱ्याच्या दिशेने वेगळा. सरोवरावरून वारा येतच असतो. शिवाय पाय वाळूत रुततात. जो वाळूत वेगाने वळायला शिकला, त्याला गवतावर वळणे म्हणजे मौज.

एका चेंडूवर, बिनपैशाचा, दोघांनीच करायचा हा सराव. आमच्याकडे मैदान नाही, साहित्य नाही, हे रडगाणे आम्हीही शाळेत गातो आणि ते खोटे नाही. तरी हे वाचताना थोडे ओशाळल्यासारखे झाले खरे.

इथे एक गोष्ट साफ केली पाहिजे. १९४० मध्ये रॉकनीच्या आयुष्यावर हॉलिवुडचा एक चित्रपट आला. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले रोनाल्ड रेगन त्यात एका खेळाडूच्या भूमिकेत होते. अशा चित्रपटांमुळे लोकांचा समज झाला की फॉरवर्ड पास या दोघांनीच शोधला. तसे मुळीच नाही. नियम आला त्याच वर्षी, सप्टेंबर १९०६ मध्ये, सेंट लुई विद्यापीठाच्या ब्रॅडबरी रॉबिन्सन याने पहिला कायदेशीर पास फेकला होता आणि त्यांचे प्रशिक्षक एडी कोचम्स यांनी साऱ्या संघाला ते तंत्र शिकवले होते. १९०७ मध्ये कार्लाइलच्या शाळेने याच खेळाच्या जोरावर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाला २६-६ असे हरवले. कार्लाइल म्हणजे अमेरिकेच्या मूळ रहिवासी जमातींच्या मुलांसाठी काढलेली सरकारी शाळा. मुलांना घरापासून, भाषेपासून तोडून तिथे आणले जाई, आणि त्या मुलांनी मैदानात बड्या विद्यापीठांना पाणी पाजले. त्यांचे नाव मागे पडले आणि नोटर डेमचे पुढे आले, यात इन्साफ किती, ते वाचकांनी ठरवावे. स्वतः हार्पर हेही आधीच्या नोकरीत पास वापरत आले होते आणि सप्टेंबरपासून साऱ्या संघाला त्यांनी त्या सरावात ओढले. म्हणजे सरोवराकाठची मेहनत दोघांची, पण तिला योजनेत बसवणारा उस्ताद वेगळा.

तरीही १९१३ च्या ऑक्टोबरअखेर वेस्ट पॉइंटला या सगळ्याची धास्ती नव्हती. पास त्यांना माहीत होता, तेही अधूनमधून फेकत. पण पास हे अडचणीतले शेवटचे हत्यार, हाच सर्वत्र समज होता. एखादा संघ पहिल्यापासून पासवरच डाव रचील, हे कोणाच्या मनात आले नाही. आर्मीचे गडी अंगापिंडाने भारी होते आणि त्यांचा बचाव चेंडूच्या जवळ दाटीवाटीने उभा राहणारा होता.

नोटर डेमची मुले लांबचा रेल्वे प्रवास करून पोचली. मैदानाचे नाव 'द प्लेन'. कॅडेटांच्या कवायतीची सपाट जागा ती. शनिवार, १ नोव्हेंबर.

आरंभीची काही मिनिटे आर्मीला अपेक्षित होता तसाच खेळ झाला. धक्के बसत होते, भारी गड्यांपुढे हलके गडी मागे सरत होते. मग डोरेने फेकायला सुरुवात केली. रॉकनीने पुढे स्वतःच सांगितलेली हकीकत अशी की त्याने आधी काही डाव पाय दुखावल्यासारखे लंगडत घालवले. त्याच्यावर लक्ष ठेवणारा आर्मीचा गडी हळूहळू निर्धास्त झाला. एका डावात रॉकनी तसाच लंगडत निघाला आणि एकदम सुसाट सुटला. तोवर चेंडू हवेत होता. पळता पळता, हातांनी, झेल. टचडाउन. नोटर डेम सात गुणांनी पुढे. लंगडण्याची ही युक्ती आम्हाला फारशी भावली नाही, हे कबूल करतो. पण खेळात हुलकावणी चालते आणि झेल मात्र अस्सल होता.

आर्मीही लेचीपेची नव्हती. दोनदा टचडाउन करून ते १३-७ असे पुढे गेले. मध्यंतरापूर्वी नोटर डेमने पुन्हा पासांची मालिका लावून १४-१३ केले. एका गुणाचा फरक, तोही आर्मीची एक किक चुकल्यामुळे. डोरेची एकही चुकली नव्हती.

मध्यंतरानंतर आर्मीने जे करायला हवे होते तेच केले. पास अडवण्यासाठी त्यांनी आपले गडी मागे, बाजूंना पसरवले. आणि दाटी फुटली. मग मधल्या मोकळ्या जागेतून रे आयकेनलॉब नावाचा धिप्पाड गडी चेंडू छातीशी धरून घुसू लागला. आर्मी पुन्हा आत गोळा झाली की डोरे बाहेर फेकायचा. पसरले तर मधून मार, आवळले तर बाहेरून. १९०६ मध्ये नियम करणाऱ्यांनी जे मनात धरले होते, तेच सात वर्षांनी त्या कवायतीच्या मैदानावर घडत होते. दुसऱ्या अर्ध्यात नोटर डेमने एकवीस गुण घेतले, आर्मीने शून्य. सामना ३५-१३. पाच टचडाउन आणि डोरेच्या पाचही किका अचूक. प्रचलित नोंदींनुसार त्याने १७ पास फेकले, त्यांपैकी १४ झेलले गेले आणि त्यांतून २४३ यार्ड मिळाले. त्या काळात हे आकडे कानावर विश्वास न बसण्याजोगे होते.

न्यूयॉर्क जवळच असल्याने तिथल्या वृत्तपत्रांचे बातमीदार मैदानावर हजर होते. दुसऱ्या दिवशी 'न्यूयॉर्क टाइम्स'ने या मोकळ्या खेळाने आर्मी थक्क झाल्याचे ठळक छापले. साउथ बेंडची मुले रेल्वेने परत येईपर्यंत त्यांच्या लहानशा कॉलेजाचे नाव पूर्वेकडे पोचले होते.

यात आम्हाला सर्वांत आवडले ते आर्मीचे वागणे. हरल्यावर त्यांनी तक्रार केली नाही, शिकून घेतले. त्याच महिन्याच्या अखेरीस नौदलाच्या अकादमीविरुद्ध त्यांचा वर्षातला सर्वांत मानाचा सामना होता. तो त्यांनी २२-९ असा जिंकला आणि त्यात स्वतः पासचा मनापासून वापर केला. त्या हंगामात आर्मी एकच सामना हरली, नोटर डेमविरुद्धचा. नोटर डेम एकही हरली नाही. पुढच्या वर्षीचे आमंत्रणही आर्मीने दिले, आणि हा वार्षिक सामना पुढे अनेक वर्षे देशभर गाजत राहिला.

डोरे पुढे प्रशिक्षक झाला, डेट्रॉइट विद्यापीठात त्याने बरीच वर्षे मुलांना शिकवले. रॉकनीचे लग्न त्याच सरोवराकाठी भेटलेल्या मुलीशी १९१४ मध्ये झाले. पदवी घेऊन तो नोटर डेममध्येच राहिला. प्रयोगशाळेत रसायनशास्त्र शिकवायचे आणि उरलेल्या वेळात हार्पर यांच्या हाताखाली मैदानात उभे राहायचे. १९१८ मध्ये तो मुख्य प्रशिक्षक झाला आणि १९३० पर्यंतच्या तेरा हंगामांत त्याच्या संघांनी १०५ सामने जिंकले, हरले फक्त १२. मार्च १९३१ मध्ये कॅन्ससमध्ये विमान कोसळून तो वारला, तेव्हा त्याचे वय त्रेचाळीस होते.

नववीतल्या त्या मुलाला आम्ही फळ्यावर आकृती काढून हे सारे सांगितले. त्याने वहीत ३५-१३ लिहून घेतले आणि लगेच विचारले, "मग पुढच्या वर्षी काय झाले, सर?"

पुढच्या वर्षी, १९१४ मध्ये, नोटर डेम पुन्हा त्याच मैदानावर गेली. डोरे नव्हता. रॉकनी मदतनीस प्रशिक्षक म्हणून कडेला होता. आर्मीने सामना २०-७ असा जिंकला.